तेरेरे नको म्हणणारी निमिया

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा पुसून टाकलं, कारण निमिया म्हणाली, "माझं काय लिहायचंय त्यात? हात दुखतात, एवढंच ना? हात काय कुणाचेही दुखतात." मग मी गप्प बसले. पण तिची शेजारीण लिदुविना जिन्यात भेटली आणि म्हणाली, "लिही गं. तिला विचारत बसलीस तर ती मरेपर्यंत नकोच म्हणेल. नको म्हणण्यात तिचा हात कोण धरणार?" आणि स्वतःच हसली. म्हणून लिहितेय. एकदम लिहितेय, मध्ये थांबले तर परत पुसेन.

निमिया ओवेलार. पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, केस कायम घट्ट बांधलेले. पाराग्वायमधलं तिचं गाव इतकं आत आहे की बस उतरल्यावरही कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसावं लागतं. आई तिकडे, भाऊ तिकडे, संत्र्याची चार झाडं तिकडे. आणि ही इकडे, ब्युनोस आयरेसमध्ये, आमच्याच घरात खालच्या मजल्यावर एका खोलीत. घर म्हणजे मधे अंगण, भोवती खोल्या, प्रत्येक खोलीत एक बिऱ्हाड आणि बाथरूम सगळ्यांना मिळून अंगणाच्या टोकाला. भिंती इतक्या पातळ की शेजारी साखर ढवळली तरी कळतं.

काम शिवणाचं. दोन गल्ल्या सोडून न्या ब्लासिदाचा कारखाना आहे. वडीलधाऱ्या बाईला आमच्यात न्या म्हणतात, आणि ब्लासिदाला तर पोलीससुद्धा न्या म्हणतो. कारखाना म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली, चार मशिनी, एक कापायचं टेबल. शाळेच्या पोरांचे पांढरे डगले शिवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत हंगाम, कारण शाळा उघडायच्या आत सगळ्या पोरांना डगला पाहिजे. चौघीजणी बसतात, न्या ब्लासिदा, मिर्ना, लिदुविना आणि निमिया. चौघी पाराग्वायच्या, त्यामुळे मशिनीपेक्षा तोंडं जास्त चालतात.

आणि सकाळी उन्हं चढली की तेरेरे. त्याशिवाय कुणाच्या मशिनीला हातच लागत नाही. बैलाच्या शिंगाचा एक पेला, त्यात मते नावाच्या झाडाचा कोरडा पाला, जगमध्ये पुदिना आणि गवती चहा ठेचून घातलेलं बर्फाचं पाणी, आणि एक नळी. एकच. न्या ब्लासिदा ओतणार. पहिलं पाणी संत तोमासचं, ते पाल्यानं पिऊन टाकायचं, त्याला कुणी तोंड लावत नाही. मग ती एकेकीला पेला देणार, जिला दिला तिनं नळीतून सुर्रर्र आवाज येईपर्यंत ओढायचं आणि पेला परत द्यायचा. मिर्ना, मग लिदुविना, मग निमिया, मग परत पहिल्यापासून. नळी पुसायची नाही. नळी पुसलीस म्हणजे आधी प्यायली ती घाणेरडी आहे असं म्हणालीस.

मधे साथीची ती वर्षं आली तेव्हा सगळ्यांना आपापला पेला घ्यावा लागला होता. साथ संपली त्या दिवशी न्या ब्लासिदानं ते सगळे पेले खणात कोंबले आणि म्हणाली, "झालं हे विधवांसारखं पिणं. परत वेगळं मांडायचं असेल तर मी मेल्यावर मांडा."

तर, गेल्या थंडीत निमियाचे हात आखडायला लागले. आधी तिला वाटलं मशीन फार चालवली. मग सकाळी उठलं की मुठी उघडेनात. अक्षरशः. बोटं आत वळलेली तशीच, जणू झोपेत कुणीतरी काहीतरी हातात देऊन आवळून ठेवलंय. गरम पाण्यात बराच वेळ बुडवले की एकेक बोट सुटायचं. मग गुडघे, मग पावलं. सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या, त्या संपेपर्यंत उन्हाळा लागला. डॉक्टरीण तरुण होती, गोड बोलणारी. म्हणाली, हा संधिवात वयाचा नाही, तुमचं शरीरच तुमच्या सांध्यांवर उलटलंय, हा जाणार नाही, पण औषधानं ताब्यात राहील. गोळ्या, शिवाय महिन्याला दवाखान्यात येऊन इंजेक्शन. इथं ते फुकट मिळतं. गावात ते औषध कुणी बघितलेलंही नाही.

"आणि एक," डॉक्टरीण म्हणाली. "या औषधानं तुमची आजाराशी लढायची ताकद कमी होते. साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. तुम्ही मते-तेरेरे वगैरे पिता का, सगळ्यांत एका नळीनं?"

"कोण नाही पीत?"

"आता तुम्ही नाही."

निमिया हसली. तिला वाटलं डॉक्टरीण थट्टा करतेय.

घरी येताना बसमध्ये तिनं ठरवून टाकलं की कुणाला सांगायचं नाही. वेडेपणा वाटतो ना? पण तिच्या बाजूनं बघा. मिर्नाची मावशी निमियाच्याच गावात, आईच्या कुंपणाला कुंपण लागून. कारखान्यात सकाळी शिंकलं तर दुपारी गावात औषध सुचवतात. आईला कळलं असतं तर आईनं फोनवर रडून रडून तिला परत बोलावलं असतं, आणि परत गेली असती तर औषध संपलं असतं. दुसरं म्हणजे न्या ब्लासिदानं दया म्हणून तिला हलकं काम दिलं असतं, आणि हलकं काम म्हणजे धागे कापायचे, ते तर म्हाताऱ्या करतात. आणि तिसरं, जे ती मला खूप उशिरा म्हणाली, अंगणात कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता, की आजारी पडायलासुद्धा समोर कुणीतरी आपलं लागतं गं. आई असती तर पडले असते आजारी. इथं कुणासमोर पडू?

मला ते ऐकून इतकं वाईट वाटलं की मी चिमटे खाली पाडले. असो.

तर दुसऱ्या दिवशी तेरेरेची फेरी सुरू झाली. मिर्ना प्यायली, लिदुविना प्यायली, न्या ब्लासिदानं पेला भरून निमियापुढे धरला.

"नको."

"काय नको?"

"पोट बरं नाही."

चला, पोट एक दिवस चालतं. दुसऱ्या दिवशी डोकं. मग परत पोट. शेवटी न्या ब्लासिदानं कमरेवर हात ठेवले. "पोरी, दिवस गेलेत का काय तुला?"

"या वयात?"

"मग झालंय काय?"

"काही नाही. मला हल्ली तेरेरे आवडेनासं झालंय."

मशिनी थांबल्या. म्हणजे खरंच थांबल्या, मिर्नानं पायच उचलला.

"अगं बाई! पाराग्वायची बाई, बाहेर रस्ता वितळतोय, आणि हिला तेरेरे आवडत नाही! उद्या म्हणशील चिपा पचत नाही. परवा म्हणशील ग्वारानी कळत नाही, जरा सावकाश बोला!"

"मिर्ना, शीव."

"शिवते हो, मॅडम. मॅडमना थंडगार सोडा आणू का?"

सगळ्या हसल्या, निमियाही हसली. लिदुविना तेवढी हसली नाही.

आता लिदुविनाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिदुविना निमियाच्या शेजारच्या खोलीत राहते. उंच, काटकुळी, आवाज घोगरा. काही वर्षांपूर्वी तिला क्षय झाला होता. औषध पूर्ण केलं, दवाखान्यानं सांगितलं पूर्ण बरी झालीस, कुणाला काही होणार नाही. ती कारखान्यात परत आली आणि फेरीत बसली. तिच्यानंतर पेला जिच्याकडे जाई तिला त्या दिवशी नेमकं काहीतरी झालेलं असे. "माझं आत्ताच झालं." "माझा दात ठणकतोय." कुणी तोंडावर बोललं नाही, पण पेला तिच्यापाशी आला की फेरी तुटायची. मग निमियानं काय केलं, आपली खुर्ची उचलली आणि लिदुविनाच्या पलीकडे आणून ठेवली, म्हणजे तिच्यानंतर आपलाच नंबर. तिनं तोंडातून काढलेली नळी न पुसता तोंडात घातली आणि सुर्रर्र करून तळापर्यंत ओढलं. मोठ्यानं. सगळ्यांकडे बघत. त्यानंतर कुणाचा दात ठणकला नाही.

लिदुविना त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठली की मधल्या भिंतीवर टकटक करायची. निमियानं पलीकडून टकटक केलं की दोघींचा दिवस सुरू. बस, एवढंच. पण परक्या गावात एकटं राहणाऱ्या बाईला त्या टकटकीचं काय असतं ते मी सांगायला नको.

आणि आता तीच निमिया, त्याच खुर्चीत बसून, नेमकं लिदुविनाच्या नंतर म्हणत होती, नको.

तरी लिदुविनानं मनात येऊ दिलं नाही. आवडत नसेल बाई. वय होतंय, चवी बदलतात. एका रविवारी तिनं चिपा, आमच्याकडचा चीजचा पाव, भाजला, चीज जास्त घालून, निमियाला आवडतो तसा, आणि गरम गरम फडक्यात बांधून घेऊन गेली. खिडकी उघडी होती. आत निमिया पलंगावर बसलेली. पुढ्यात जग, जगात बर्फ, हातात छोटा पेला, तोंडात नळी. डोळे मिटून तेरेरे पीत होती. एकटीच. सुर्रर्र आवाजसुद्धा केला.

लिदुविनानं चिपा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर टकटक झाली नाही.

निमियानं आपण होऊन वाजवलं. उत्तर नाही. कारखान्यात लिदुविना तिच्याशी फक्त कामापुरतं बोलायला लागली. "कात्री दे." "बाह्या झाल्या." चिपा कुणी ठेवला ते निमियाला कळलं होतं, पकडले गेलो हेही कळलं होतं, पण तिला वाटलं लिदु खोटेपणावर चिडलीय. क्षयाचा विचार तिच्या डोक्यातसुद्धा नव्हता! तिच्या लेखी ते कधीच संपलेलं होतं. आणि माफी मागायची तर खरं सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प. दोघी दोन बाजूंनी त्याच भिंतीला पाठ लावून गप्प. मी वरच्या मजल्यावरून त्यांच्या खोल्यांतून एकाच रेडिओ स्टेशनवरची तीच गाणी ऐकायचे, एकीचा रेडिओ जरा हळू लागायचा.

मग भर हंगाम आला. डगल्यांचे ढीग लागले. इंजेक्शनचा दिवस आला तेव्हा निमियाला सुट्टी मागायची होती, पण काय सांगून मागणार? पोट झालं होतं, डोकं झालं होतं, डोळे झाले होते, बटणं लावायचं काम मिर्नाच्या गळ्यात टाकताना ती म्हणाली होती की दिसत नाही नीट. खोटं बोलायला अवयव उरले नव्हते. तिनं ठरवलं, पुढच्या महिन्यात घेऊ. एकदा चुकलं तर काय होतंय.

काय होतंय ते तिला एका सकाळी कळलं.

डोळे उघडले तेव्हा उजेड झाला होता आणि हात तिचे नव्हते. मनगटापासून सुजलेले, बोटं मिटलेली, गरम. गुडघे वाळू भरल्यासारखे. कशीबशी पाय खाली सोडून उभी राहिली ती एकाच कारणासाठी, बाथरूमला जायचं होतं. भिंत धरत, म्हणजे कोपरानं टेकत, दारापर्यंत गेली. दाराला आतून किल्ली. रोज रात्री तीच फिरवून ठेवते, बाईमाणूस एकटं, कुलूप तर हवंच. आता ती किल्ली फिरवायला दोन बोटं पाहिजेत. एक अंगठा आणि एक बोट, बस. तिच्याकडे दहा होती आणि एकही नव्हतं.

तळव्यांत धरून बघितली. दातांनी बघितली. कुलूप जुनं, जोर लागतो. तिनं दाराला कपाळ टेकलं. फोन होता पलंगावर. आईला लावू? न्या ब्लासिदाला? काय सांगू, दार उघडत नाही? आणि पलीकडून लिदुविनाच्या किटलीचा आवाज येत होता, आता ती चहा गाळेल, मग चपला घालेल, मग जाईल, आणि मग संध्याकाळपर्यंत या बाजूला कुणी नाही.

निमियानं कोपरानं भिंत ठोकली. परत ठोकली. मग लाज सोडून लाथा घातल्या.

"लिदु!"

काही नाही.

"लिदु, ऐकतेस मला माहितीय. किटली वाजतेय तुझी."

"काय आहे?"

"दार उघडत नाहीये माझं."

"मग सुताराला बोलव."

"दाराला काही झालेलं नाही गं. हात उघडत नाहीयेत."

किटली थांबली. चपलांचा आवाज अंगणात आला आणि दाराबाहेर थांबला.

"हात उघडत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे मिटलेत. आजार आहे मला. गेल्या थंडीपासून."

"गेल्या थंडीपासून! आणि मला आत्ता सांगतेस? दाराच्या फटीतून?"

"लिदु, भांडू नंतर. मला बाथरूमला जायचंय. खूप जायचंय."

"थांब. आधी एक सांग."

"आत्ता?"

"आत्ताच. बाहेर आलीस की परत खोटं बोलशील." घोगरा आवाज आणखी खाली गेला. "माझ्यानंतर प्यायची किळस येते तुला? त्या जुन्या दुखण्यामुळे?"

निमिया म्हणते, त्या क्षणी हात दुखायचे थांबले, इतकं ते दुसरीकडेच कुठेतरी दुखलं.

"अगं ए वेडे! काकुपेच्या मातेची शपथ! मला औषध चालू आहे, त्यानं मला कुणाचंही काहीही लागतं. डॉक्टरीण म्हणाली कुणाच्याच नळीला तोंड लावायचं नाही. तू काय, बिशप आला तरी नाही!"

"कुणाच्याच?"

"कुणाच्याच. तू तर बरी आहेस. मिर्नाची खरी भीती, सारखी शिंकत असते ती कापडावर."

बाहेरून एक विचित्र आवाज आला. लिदुविना रडत होती का हसत होती ते निमियाला कळलं नाही. लिदुविनालाही कळत नव्हतं, तिनंच मला सांगितलं.

"मग तेव्हा का बसली होतीस माझ्याशेजारी? कुणी बसत नव्हतं तेव्हा?"

"तेव्हा तहान लागली होती. लिदु, मला हसवू नकोस, बाथरूम!"

"हसवत कुठे आहे, मी विचारतेय!"

"लिदुविना!!"

मग धावपळ. लिदुविनानं विणायची सुई आणली आणि दाराखालून वर्तमानपत्र आत सरकवलं. सुईनं बाहेरून किल्ली ढकलायची, ती आत कागदावर पडणार, मग कागद बाहेर ओढायचा. किल्ली पडली ती उडून भलतीकडेच. "पायानं ढकल!" "पाय तरी कुठे चालतोय!" "मग शिव्या दे तिला आणि ढकल!" निमियानं आईचं नाव घेत पायाच्या अंगठ्यानं किल्ली कागदावर सरकवली. दार उघडलं आणि दोघी एकमेकींकडे न बघता अंगणातून निघाल्या, एक दुसरीला जवळजवळ उचलून. बाथरूममध्ये निमियाच्या परकराची नाडी सोडायलाही लिदुविनाच लागली. निमियानं तोंड फिरवलं. लिदुविना म्हणाली, "दवाखान्यात असताना माझी थुंकी नर्स तपासायची. लाज मी तिथंच सोडून आले. तूही सोड, इथं जागा आहे."

त्या दिवशी कारखान्यात दोघीही गेल्या नाहीत. दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीण रागावली, मग इंजेक्शन दिलं.

हात पूर्ववत व्हायला वेळ लागला. निमिया परत कामावर गेली तेव्हा न्या ब्लासिदाला सगळं आधीच कळलेलं. ती आधी ओरडली. "मी डगले शिवून घेते का फाशी देते? सुट्टी मागायला घाबरतेस मला? मला?" मग नुसतीच कापडावर खडूच्या रेघा मारत बसली, वाकड्या. मग उठली, खण उघडला, साथीच्या वेळचे ते पेले उपसून एक काढला, नळीसकट उकळला आणि फेरीत ठेवला. पहिलं पाणी संत तोमासचं. मग मिर्ना, मग लिदुविना, मोठ्या शिंगातून. मग तिनं मोठं शिंग खाली ठेवलं, निमियाचा पेला उचलला, त्याच जगमधलं पाणी स्वतःच्या हातानं ओतलं आणि पुढे धरला. लिदुविनाच्या नंतर. तिच्या नंबरावर.

"आता आवडतं का?" मिर्नानं विचारलं.

"तू आधी नाक पूस."

मिर्नानं शपथ घेतली होती की मावशीला सांगणार नाही. शपथ शनिवारपर्यंत टिकली. रविवारी आईचा फोन आला तो रडतच. ये म्हणाली, उद्याच ये, मी मुळी उगाळून लावते. निमियानं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "औषध इथं आहे गं आई. आणि दार उघडणारीही इथंच आहे." आईचं समाधान झालं नाही. अजून झालेलं नाही. दर रविवारी रडते. पण निमिया आता खोटं बोलत नाही, हात आज कसे आहेत ते खरं सांगते, वाईट असले तर वाईट.

बरी झाली का ती? नाही. हा आजार जात नाही. कधी कधी आठवडा वाईट जातो, तेव्हा ती धागे कापत बसते, म्हाताऱ्यांसारखी, आणि मिर्ना तिला न्या निमिया म्हणून चिडवते. दाराची दुसरी किल्ली लिदुविनाच्या गळ्यात असते, काकुपेच्या मातेच्या पदकाशेजारी. सकाळी भिंतीवर टकटक होते. मी वर अंथरुणात पडल्या पडल्या उत्तराची वाट बघते. काही दिवशी ते उशिरा येतं, आणि वेगळं वाजतं, जड. तेव्हा मला कळतं आज कोपरानं वाजवलंय.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, थेट मागते. तुमच्या ओळखीचं कुणीतरी असेल, एकटं राहणारं, जे हल्ली नको म्हणायला लागलंय. चहा नको, जेवायला नको, यायला नको. तुम्ही म्हणत असाल, बदलली ती, शिष्ट झाली. असेलही. पण एकदा जाऊन या ना. फोन करू नका, फोनवर सगळे बरेच असतात. जा, दार वाजवा, उघडायला वेळ लागला तर तिथंच थांबा. या आठवड्यातच जा.